तीन आपट्या उज्वलाच्या, चौथी कवडूची

उज्वला थुटे मोटारसायकल घ्यायला हिंगणघाटला गेली, तेव्हा शोरूममधल्या पोराने आधी तिच्या मागे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. मागूनही कोणी आलं नाही आणि दारातूनही कोणी आलं नाही, तेव्हा त्याने विचारलं, “ताई, गाडी चालवणार कोण?”

“मी.”

“मग स्कूटी दाखवतो ना. लेडीजसाठी तीच बरी.”

“स्कूटीचं चाक केवढं हाय ते पाह्य, आन् आमच्या पांदणीतली काळी माती पाह्य. रुतली तं बैल जुपून काढा लागते. मोठ्या चाकाची दाखव.”

पोराने मोठ्या चाकाची दाखवली. शेवटी गाडी बाहेर काढताना तो उत्साहाने म्हणाला, “साडीगार्ड कंपनीकडून आहे, बसवूनच देतो.” साडीगार्ड म्हणजे मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला लावायची लोखंडी जाळी, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून असते ती.

“तिथं माहं पोतं लटकणार हाय,” उज्वला म्हणाली. “मी समोर बसणार. मागं बसाले गाडी घेतली नाई मी.”

“पण ताई, गाडीसोबतच येते ती.”

“सोबत येते तं पोत्यात टाक. लोखंड हाय, कामी येईन.”

ही गोष्ट २०१८च्या जानेवारीतली. उज्वला तेव्हा छत्तीस वर्षांची होती. माहेर नाचणगावचं. बाप पुलगावच्या बाजारात भाजी विकायचा आणि दहा वर्षांची उज्वला बापाच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून, कैची मारत, कॅरियरवर वांग्याची टोपली बांधून त्याच्यामागे जायची. लग्न होऊन ती समुद्रपूर तालुक्यातल्या पारडीला आली तेव्हा सायकल माहेरीच राहिली. नवरा किशोर हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये पाळीवर जायचा. सासरे दौलतराव यांचे गुडघे गेले, तसं विहिरीजवळचं दोन एकर भाजीचं वावर हळूहळू उज्वलाच्या अंगावर आलं. पालक, मेथी, वांगी आणि सांबार. कोथिंबिरीला तिकडे सांबारच म्हणतात.

भाजी पिकवण्यात तिला अडचण नव्हती. अडचण होती कवडूच्या ऑटोची.

पारडीहून जाम अकरा किलोमीटर. जामच्या चौकात चारी दिशांचे रस्ते मिळतात, ट्रका थांबतात, आणि ढाबेवाले सकाळी सातच्या आत दिवसभराची पालेभाजी घेऊन मोकळे होतात. सातनंतर आणलेला पालक तिथे कोणी विचारत नाही. आणि गावातला माल नेणारा एकमेव ऑटो कवडूचा. कवडू वीस वर्षं गाडी चालवत होता आणि वीस वर्षांत तो भरल्याशिवाय कधी हलला नव्हता. “आणखी दोन पोते येऊ दे, निघतोच,” म्हणत तो पारावर बसून राहायचा, आणि बाया मागे पोत्यांवर बसून त्याची वाट पाहायच्या. एकदा उज्वलाने विचारलं, “कवडूभाऊ, घाई करा ना. पालक माना टाकून राह्यला.” कवडू म्हणाला, “एवढी घाई असन तं सोताची गाडी घे वहिनी.” बाया हसल्या. उज्वलाही हसली. तिने ते मनावर घेतलंय हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही.

किशोरनेच तिला गाडी शिकवली, मित्राची गाडी मागून आणून, कापूस निघालेल्या वावरात. माणूस शहाणा, शांत. पण शिकवताना त्याने एक धडा पहिल्याच दिवशी पक्का केला. “पुढचा ब्रेक विसरून जाय. तो लावला की मानूस तोंडावर पडते. पायाचाच ब्रेक लावाचा, मागचा.” त्याला त्याच्या काकाने हेच सांगितलं होतं, काकाला कोणीतरी. सगळं गाव पायाच्याच ब्रेकवर चालत होतं. उज्वलाने लायसन काढलं तेव्हासुद्धा परीक्षेत पायाचाच ब्रेक लावला, आणि पास झाली.

गाडी दारात आली त्या दिवशी सखूबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हळदकुंकू, नारळ आणि चार लिंबं आणली. हँडलला हार घातला. पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हाक मारली, “किशोर, ये बाप्पा, लिंबू फोड.”

“मी फोडतो की,” उज्वला गाडीवर बसतच म्हणाली.

“पहिलं चाक गडीमानसाच्या हातानं फिरा लागते वं.”

“आत्याबाई, रोज चालवणार मी. लिंबाले माहीत नको काय कोनाशी गाठ हाय ते?”

लिंबू फुटलं. गाडी पुढे गेली. सखूबाईंनी ओरडून सांगितलं, “आधी गिरडले नेजो! बाबाच्या टेकडीवर माथा टेकवल्याशिवाय मालबिल लादू नोको!”

“हंगाम संपला की नेतो!” उज्वलाने मागे न पाहता उत्तर दिलं, आणि हातपंपाजवळच्या वळणावर, जिथे बाया भांडी घासून पाणी सांडवतात, गाडी आडवी झाली.

ती फार जोरात पडली नाही. नव्या टायरवर कारखान्यातलं गुळगुळीत मेण असतं. ते शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये घासून जाईपर्यंत ओल्या जागेवर सांभाळून वळावं लागतं. हे शोरूमच्या पोराने सांगायला हवं होतं. त्याने फक्त साडीगार्डचं सांगितलं होतं. एक इंडिकेटर फुटला, हार तुटला, आणि पारावरून कवडूचा आवाज आला, “अरे बाप्पा बाप्पा! गेली ना वं वहिनी! आईगं!”

उज्वला उठली, गाडी उचलली, अंगावरचा चिखल झटकला. “पडली मी, लागलं मले. तुमी काऊन कण्हून राह्यले कवडूभाऊ?”

ही पहिली आपटी. तिचं तिला काही वाटलं नाही. सायकल शिकताना ती याहून जास्त पडली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाट उजळता उजळता निघू लागली. सीटवरून आडवी दोरी, दोन बाजूंना दोन पोती, बैलाच्या पाठीवर लादावी तशी. पावणेसातला ती जामच्या चौकात. ढाबेवाले बाबाराव, पोट सुटलेला आणि जीभ त्याहून सुटलेला माणूस, तिचं पहिलं गिऱ्हाईक. तीन दिवस सगळं ठीक चाललं. चौथ्या दिवशी बाबारावांनी उजव्या पोत्याचं तोंड सोडलं आणि नाक वर केलं.

“वहिनी, मेथी भाजूनच आणली काय? माह्या आचाऱ्याचं काम वाचवलं तुमी.”

उजवं पोतं सायलेन्सरला टेकलं होतं. बारदान करपलं होतं, आणि आतली अर्धी मेथी तपकिरी. उज्वलाने ती मेथी रस्त्याकडेच्या गाईसमोर टाकली. गाईनेही वास घेऊन तोंड फिरवलं.

यावर तिने तोडगा काढला, आणि तो तोडगा प्रत्येक भाजीवाल्याला सुचला असता तोच होता. पालेभाजी ताजी राहावी म्हणून पोतं तसंही ओलं करतातच. तिने उजव्या बाजूचं बारदान दुहेरी घेतलं आणि विहिरीवर हौदात बुडवून, पाणी निथळतं तसंच गाडीवर टाकलं. सायलेन्सर तापला की चर्र आवाज यायचा, वाफ निघायची, पण मेथी करपायची नाही. उलट सांबार जामला पोचेपर्यंत असा हिरवागार की बाबाराव म्हणाले, “आत्ताच उपटला काय?” ती या तोडग्यावर जाम खूश होती.

दोन दिवसांनी, त्याच बाबारावांच्या ढाब्यासमोर, तिने पायाचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही.

तिने आणखी जोरात दाबला. गाडीला जणू ऐकूच येत नव्हतं. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, चळतीमागे पाण्याचा निळा ड्रम. उज्वला चळतीतून गेली, ड्रमला धडकली, आणि ड्रम, उज्वला आणि पालक एकदमच आडवे झाले. गुडघा सोलला. दोन ट्रकवाले चहाचे कप तसेच हातात धरून उभे राहिले.

“वहिनी,” बाबाराव पाण्यात उभे राहून म्हणाले, “डिलिव्हरी घरपोच म्हणजे एवढी घरपोच नोको.”

ही दुसरी. किशोरने संध्याकाळी गाडी तपासली, गल्लीत चालवून पाहिली. ब्रेक चोख लागत होता. “तू घाबरली असशीन,” तो म्हणाला.

“मी घाबरली नाई.”

“मंग पाय नीट पडला नसन.”

पाय नीट पडला होता हे उज्वलाच्या पायाला माहीत होतं. पण पायाची साक्ष कोण घेतो?

पुढचे काही दिवस वांग्याचे होते. वांग्याची पोती पालकापेक्षा जड, तरी गाडी सांगेल तिथे थांबली. मग पुन्हा पालक निघाला. त्या सकाळी शेजारची सरिता दारात उभी होती, हातात सांबाराची गाठोडी घेऊन. “मले बी ने ना वं. कवडूच्या ऑटोत बसून बसून माह्या सांबाराले मुळ्या फुटाची येळ आली.” उज्वलाने तिला मागे घेतलं. दोघी जोरजोरात बोलत निघाल्या. गावाबाहेर नाल्याचा पूल आहे, पुलाआधी उतार. उतारावर एक म्हैस रस्त्यात आली, उज्वलाने ब्रेक दाबला, आणि पुन्हा तेच. म्हैस हलली नाही. उज्वलाने हँडल डावीकडे घातलं, गाडी रस्ता सोडून तुरीच्या धसकटांत शिरली आणि दोघींना घेऊन बसली.

उज्वलाला खरचटलं. सरिताचं मनगट मुरगळलं, आणि सूज कोपरापर्यंत चढली.

स्वतःच्या पडण्याचं उज्वलाने कधी हसण्यावारी नेलं, कधी उडवून लावलं. सरिताचा हात पाहिल्यावर मात्र तिचं तोंड बंद झालं. आणि गाव याच क्षणाची वाट पाहत होतं. सरिताचा नवरा अंगणात येऊन बोलून गेला. पारावर ठरलं की गाडीच पनवती आहे. सखूबाईंनी ठरवलं की गिरडला न नेल्याचा हा परिणाम. आणि कवडू संध्याकाळी स्वतः चालत आला, खाटेवर बसला, चहा प्यायला, आणि म्हणाला, “दौलतमामा, बाईमानसाच्या पायात ब्रेकपुरता जोर नसते. तिचा काय दोष? देवानंच तसं केलं. माहा भाचा हाय, गाडी पाहूनच राह्यला. ऐतवारी घेऊन येतो त्याले. घेऊन जाईन, किटकिट खतम.”

दौलतराव थोडकं बोलणारा माणूस. त्यांनी हात पुढे केला. “उज्वला, चाबी.”

“मामाजी, गाडी माह्या नावावर हाय.”

“सरिताचा हातही तिच्याच नावावर होता. चाबी दे.”

तिने किशोरकडे पाहिलं. किशोर जमिनीकडे पाहत होता. उज्वलाने चाबी दिली. दौलतरावांनी ती बंडीच्या आतल्या खिशात टाकली आणि वरून हात ठेवला, जणू ती उडून जाईल.

त्या दिवशी बुधवार होता. रविवारपर्यंत चार दिवस.

गुरुवारी उज्वला कवडूच्या ऑटोत पोत्यावर बसली. कवडू आज फारच खुशीत होता. “बस वहिनी, आरामात बस. इथं पडाचं भेव नाई.” आणि ऑटो पाऊण तास पाराजवळून हलला नाही. जामला पोचायला साडेआठ झाले. बाबारावांनी दुसऱ्याकडून माल घेतला होता. “काय करू वहिनी? ट्रकवाले तुमची वाट पाहून उपाशी राहत नाई.” तिने उरलेला पालक येईल त्या भावाने चौकात बसून विकला, अर्धा परत आणला.

शुक्रवारीही तेच. फक्त शुक्रवारी ती ऑटोत शेवटी, मागच्या फळीजवळ बसली होती, आणि समोर बघायला काही नव्हतं म्हणून मागे रस्त्याकडे बघत होती. बायांची पोती ओली होती. त्यांचं पाणी ऑटोच्या पत्र्यावर उतरत होतं, फटीतून मागे येत होतं आणि रस्त्यावर थेंबथेंब पडत होतं. ऑटोच्या मागे डांबरावर काळ्या ठिपक्यांची एक लांब रेघ उमटत चालली होती, पार पुलापासून.

उज्वला त्या रेघेकडे पाहत राहिली. एवढं पाणी. ऑटोत ते पत्र्यावरून येतं. मग माझ्या गाडीवर ते कुठून जात होतं?

तिने मनातल्या मनात दिवस मोजले. ढाब्याचा दिवस पालकाचा. सरिताचा दिवस पालकाचा. मधले सगळे वांग्याचे. आणि वांग्याच्या पोत्याला कोण पाणी मारतं? हातपंपाची आपटी वेगळी, त्या दिवशी पोतंच नव्हतं. ती सोडून दिली. उरल्या दोन, आणि दोन्हींच्या आधी ती हौदावर उभी राहून बारदान बुडवत होती.

“काय झालं वं?” शेजारच्या बाईने विचारलं. “दात काढून राह्यली एकटीच.”

“काई नाई. कवडूभाऊचा ऑटो फारच चांगला हाय म्हणलं.”

घरी आल्यावर भर दुपारी तिने गोठ्यातली गाडी डबल स्टँडवर लावली. त्याला चाबी लागत नाही. उजव्या बाजूला दुहेरी बारदान टाकलं, त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि खाली उकिडवी बसली. पाणी पोत्याच्या खालच्या टोकाला गोळा झालं, तिथून चाकाच्या आडव्या दांड्यावर उतरलं, दांड्यावरून ब्रेकच्या लोखंडी काडीवर, आणि काडीच्या मुळाशी, जिथे ती गोल ड्रमच्या आत शिरते, तिथे एकेक थेंब नाहीसा होऊ लागला. बाहेर पडत नव्हता. आत जात होता. ब्रेक जिथे घासून चाक अडवतो, तिथेच आत.

तिने एका हाताने चाक फिरवलं, दुसऱ्या हाताने ब्रेकचं पायदान दाबलं. चाक थांबलं. आणखी दोन बादल्या ओतल्या, चाक फिरवत फिरवत. पुन्हा दाबलं. चाक सर्र करत फिरतच राहिलं.

मागून सखूबाई आल्या. “गाडीले आंघोळ घालून राह्यली काय वं?”

“नजर काढून राह्यली आत्याबाई.”

“पाण्यानं?”

“हिची नजर पाण्याचीच हाय.”

ती त्यांना काही बोलली नाही, किशोरलाही नाही. सांगून कोणी मानणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं; तिच्या पायाचं कोणी मानलं होतं काय? शनिवारी तिने गोठ्यात ठेवलेल्या चोपडीतून, म्हणजे गाडीसोबत आलेल्या माहितीच्या पुस्तकातून, ब्रेकचं पान काढलं आणि दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत, आणि ब्रेक ओला झाला तर हळू चालवत, हलका दाबून वाळवून घ्यावा. दहावीनंतर तिने एवढ्या मन लावून वाचलेलं हे पहिलंच पान.

रविवारी दहाच्या सुमारास कवडू भाच्याला घेऊन आला. दौलतराव अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. किशोरला सुट्टी होती. सरिताही हात गळ्यात बांधून आली. तिला गाडी जाताना पाहायची होती की काय, कोणास ठाऊक. गल्लीतली चारदोन माणसं कुंपणाला टेकली.

भाचा गाडीभोवती फिरला. “मस्त हाय. नवीच तं हाय मामा.”

“देणारच हाय,” उज्वला म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. “पण घेणाऱ्यानं चालवून तं पाहावं. कवडूभाऊ, तुमीच चालवा. वीस वर्षांचा हात तुमचा. माहा पाय बाईचा, तुमचा तं गड्याचा.”

“हो ना! आण चाबी.”

“मी चालवत होती तशी चालवाची. माल लादून.”

“दोन क्विंटल लाद!”

तिने पोती लादली. डावं कोरडं. उजवं दुहेरी, हौदात बुडवून, निथळतं. दौलतरावांनी बंडीतून चाबी काढून दिली. मग उज्वलाने खडूने, रस्ता सरळ अंगणात शिरतो तिथे, एक आडवी रेघ ओढली. “पुलापर्यंत जाऊन या, तीन चकरा मारा, आन् इथं, या रेघेवर थांबवा. आणखी एक, सांगून ठेवतो बरं का सगळ्यांसमोर. ब्रेक लागणार नाई. सावकाश याजो.”

कवडू हसला. “मले शिकवते!”

“आणि मामाजी, खुर्ची जराशी इकडं घ्या.”

“काऊन?”

“ऊन येऊन राह्यलं तुमच्यावर.”

दौलतरावांनी खुर्ची सरकवली. त्यांच्यामागे पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या झाडांचा, पुरुषभर उंचीचा ढीग होता. जळणासाठी रचलेला.

कवडू गेला, आला, गेला. तिसऱ्या चकरेत तो लोक पाहताहेत म्हणून जरा ऐटीतच आला. रेघेच्या दहा पावलं आधी त्याने पाय दाबला. मग त्याच्या तोंडावरची ऐट बदलली. रेघ गेली. दौलतरावांची मूळची जागा गेली. “अरे अरे अरे!” एवढाच आवाज आला, आणि गाडी, कवडू आणि दोन पोती पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरली. ढीग कडकड वाजला आणि त्याच्यावर कोसळला.

मग ढिगातून हात बाहेर आला.

“पाय!” सरिता गळ्यातल्या हातासकट पुढे धावली आणि ओरडली, “पाय नीट पडला नाई काय हो कवडूभाऊ?”

गल्लीत हशा पिकला. भाचासुद्धा हसला. कवडूला काही झालं नव्हतं. चेहऱ्यावर ओरखडे आणि डोक्यात कापसाची बोंडं. “गाडीच खराब हाय!” तो ओरडला. “पनवती हाय!”

“थांबा,” उज्वला म्हणाली.

तिने गाडी बाहेर ओढली, उजव्या बाजूचं ओलं बारदान काढून फेकलं, आणि बसली. पुलाकडे हळूहळू गेली, पायाचा ब्रेक हलका दाबून ठेवत, म्हणजे आतलं पाणी घासून वाळेल. एक चकर, दुसरी चकर. तिसऱ्या वेळी ती कवडूपेक्षा जास्त वेगाने आली. किशोर नकळत ओरडला, “उज्वला!” तिने हाताचा आणि पायाचा, दोन्ही ब्रेक दाबले. पुढचं चाक रेघेच्या अलीकडे वीतभर थांबलं. ती तोंडावर पडली नाही.

“पुढचा लावला?” किशोरने विचारलं.

“लावला. वीस वर्षं तुमी सगळे अर्ध्या गाडीनं थांबून राह्यले.”

मग तिने सगळ्यांना पाणी कुठून कुठे जातं ते दाखवलं. दौलतराव गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले, जे ते सहसा करत नसत. बारदानातून पडलेल्या थेंबांची वाट त्यांनी बोटाने गिरवली, दांड्यापर्यंत, काडीपर्यंत, ड्रमपर्यंत. बोट ओलं झालं. त्यांनी ते धोतराला पुसलं.

“सरिता,” उज्वला म्हणाली, “तुह्या हाताले मीच जबाबदार हाय. ब्रेक माह्याच पोत्यानं भिजवला. हात बरा होईपर्यंत तुहा सांबार मीच तोडीन आन् मीच नेईन. पण गाडी पनवती नाई, आन् माहा पाय बी कच्चा नाई.”

“नेजो,” सरिता म्हणाली. “पण पोतं डावीकडं टाकजो.”

भाचा मध्येच म्हणाला, “मंग तं गाडी चांगलीच हाय. मी घेतो.”

“चांगली हाय म्हणूनच नाई देत.”

सगळे दौलतरावांकडे पाहू लागले. चाबी गाडीला लटकत होती. ते उठले, खुर्ची पूर्वीच्या जागी, रेघेच्या अगदी समोर, नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसले. “कवडू,” ते म्हणाले, “च्या घेऊन जाजो. आन् पऱ्हाट्या रचून जाजो.”

चाबी त्यांनी मागितलीही नाही.

सोमवारी उज्वलाने गोठ्यातल्या खिळ्यावरचं साडीगार्ड काढलं आणि जामला प्रफुलच्या वेल्डिंगच्या दुकानात नेलं. प्रफुलने ते उलटं करून पाहिलं. “वहिनी, हे डाव्या बाजूचं असते.”

“उजवीकडं लाव. त्याले तेलाच्या पिप्याचा पत्रा ठोक. पोतं सायलेन्सरले बी टेकलं नाई पाह्यजे आन् पाणी ब्रेकवर बी उतरलं नाई पाह्यजे. खालून बाहेरच्या अंगाले वाकवजो, पन्हळीसारखा.”

“हे कोनी सांगितलं?”

“पाण्यानं.”

पुढच्या रविवारी सखूबाई लुगडं नेसून, पिशवीत नारळ घेऊन तयार उभ्या राहिल्या. “आता तरी गिरडले नेजो.”

“नेतो. पण दोष काढाले नाई बरं. तुमाले फिरवाले.”

“काहीही म्हण. ने.” त्या गाडीजवळ आल्या, डाव्या बाजूने बसायला गेल्या आणि थांबल्या. “इथली जाळी कुठं गेली? बाई एका बाजूनं बसते तिथंच तं जाळी पाह्यजे. पदर गेला म्हणजे चाकात?”

“जाळी उजवीकडं गेली. पोत्यासाठी.”

“मंग मी बसू कशी?”

“दोनी बाजूनं पाय टाकून. गड्यावानी.”

सखूबाई पासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी एकदा कुंपणापलीकडच्या तोंडांकडे पाहिलं, एकदा दौलतरावांकडे. मग लुगड्याचा काष्टा चाचपून घट्ट केला. नऊवारी त्यासाठीच तर असते. त्यांच्या सासूबाई याच काष्ट्यावर बैलगाडी हाकत. त्यांनी किशोरच्या खांद्याला धरलं आणि पाय पलीकडे टाकला.

कुंपणापलीकडून कोणीतरी म्हणालं, “मावशी, पडशीन वं!”

“पडली तं पडली,” सखूबाई उज्वलाची कंबर आवळून म्हणाल्या. “तुह्या अंगावर तं नाई पडत? चाल वं उज्वले. आन् उतारावर दोनी ब्रेक लावजो.”